चार नंबरच्या चेंबरमधली कुंडी

ढोबळेकाका कोणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीला हात लावत. बसा म्हटलं तरी बसत नसत. उजवा तळहात भिंतीवर सपाट ठेवायचा, डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचा. "एक्केचाळीस." मग खुर्ची ओढून चहा मागायचा. मी शाळेत भूगोल शिकवतो, असल्या जादूवर माझा विश्वास नाही. म्हणून एका मे महिन्यात शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक घरी आणून मी त्यांची परीक्षा घेतली. साडेएक्केचाळीस निघाले. "काका, अर्ध्या डिग्रीनं चुकलात," मी म्हटलं. ते म्हणाले, "तुमचा तापमापक तपासून घ्या गा मास्तर."

सक्करदऱ्यात आमची आणि त्यांची घरं शेजारी. मधे एक अरुंद बोळ, त्यावर माझ्या अंगणातल्या कडुनिंबाची सावली. काका कळमन्याकडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशीनवर होते. तेहतीस वर्षं त्यांनी मिरचीच्या बोऱ्यांसाठी थंडी बनवली. मे महिन्याच्या भर दुपारी सगळं नागपूर डोक्याला दुपट्टा गुंडाळून घराकडे पळत असताना हा माणूस स्कूटरच्या हँडलला लोकरीचा स्वेटर बांधून आणि खिशात कानटोपी कोंबून कामावर निघायचा. गल्लीतली पोरं हसायची. त्यांच्या कपड्यांना मिरचीचा असा ठसका असायचा की नवा पाहुणा शेजारी बसला तर शिंकून शिंकून बेजार. काकांना त्याचा पत्ता नसायचा, कारण थंडी बनवणाऱ्या मशीनमधल्या अमोनियानं त्यांचं नाक कधीच कामातून गेलं होतं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "थंडी नावाची काई वस्तू नाही मास्तर. गरमी काहाडून टाकली का मांगं जे उरते, तिले आपन थंडी म्हनतो." हे वाक्य मी कितीतरी वर्षं वर्गात माझं म्हणून खपवलं. शीला गेल्यावर मात्र ते मला कधी उच्चारता आलं नाही.

शीला त्यांची एकुलती एक मुलगी. हिमाचलातल्या एका निवासी शाळेत शिकवायला गेली आणि तिथंच रमली. लग्न नाही केलं, झाडं केली. तिच्या क्वार्टरच्या मागच्या भिंतीशी, जिथं ऊन कधी पोचत नाही, तिथं तिनं होस्टा लावला होता. मी तोवर हे नाव ऐकलंही नव्हतं. रुंद, देठाशी हृदयासारखी पानं, खोल शिरा आणि कडेनं पांढरी किनार. सावलीतच वाढणारं झाड. हिवाळ्यात बर्फाखाली पार नाहीसं होतं, काही उरलं नाही असं वाटतं, आणि उन्हाळा लागला की मातीतून जांभळट कोंब वर येतात. दरवर्षी कोंब दिसले की शीलाचा फोन यायचा. "बाबा, आले वर! या ना एकदा पाहायले."

दहा वर्षं ती बोलावत होती. काकांचं उत्तर ठरलेलं. "सीझन हाय वं बाई. मशीन सोडून कसा येऊ?" एकदा तिकिटं निघाली होती, बॅग भरली होती, सुमनकाकूंनी डबाभर चिवडा केला होता. निघायच्या आदल्या दिवशी दुसरं मशीन बिघडलं आणि काकांनी तिकिटं रद्द केली. तो चिवडा आम्ही खाल्ला. रिटायर झाल्यावरही त्यांचं जाणं सुटलं नाही. नवे पोट्टे मशीन कानानं ऐकत नाहीत म्हणत, आणि सकाळी स्वेटर घेऊन निघत.

मग एका ऑक्टोबरात शीलाचा फोन आला. थोडा ताप आहे म्हणाली. काकांनी विचारलं, किती? ती म्हणाली, मोजला नाही बाबा. हे एवढंच संभाषण काकांनी मला किती वेळा सांगितलं असेल, ते मीही मोजलं नाही. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराचा ताप या माणसानं तळहातावर मोजला होता. "एकशे दोन हाय, डॉक्टरकडे ने," म्हणत आणि ते बरोबर निघत असे. स्वतःच्या मुलीच्या कपाळापर्यंत त्यांचा हात पोचला नाही. तिसऱ्या दिवशी शाळेचा फोन आला.

काका आयुष्यात पहिल्यांदा तिच्या गावी गेले ते असे. परतले तेव्हा तिची ट्रंक होती, अस्थी होत्या, आणि ओल्या पेपरात गुंडाळून वर गोणपाट बांधलेला एक गड्डा होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला. मातीचा गोळा, त्यातून लोंबणारी दोरीसारखी जाड पांढरी मुळं.

"हे तिनं लावलं," काका म्हणाले. "बाकी साऱ्या तिच्या वस्तू हाय मास्तर. हे एकच जितं हाय. हे मेलं नाही पाह्यजे."

मी शिकलेल्या माणसानं करायचं ते केलं. त्यांना खरं सांगितलं. म्हटलं, काका, हे थंड मुलखातलं झाड, नागपुरात जगणार नाही. त्याला दरवर्षी दोन महिने कडक थंडी लागते. ती मिळाली नाही तर ते फुटत नाही, झुरून मरतं.

 शीला गेल्यानंतर पहिल्यांदाच काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "थंडी लागते?" ते म्हणाले. "बस? इतकंच?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरीनं त्या गड्ड्याचे तीन तुकडे केले आणि तीन कुंड्यांत लावले. एका कुंडीवर ऑइल पेंटनं लिहिलं 'मेन', दुसरीवर 'स्टँडबाय'. तिसरीवर काहीच लिहिलं नाही. एका मशीनच्या भरवशावर प्लांट चालवत नाही, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबर लागताच तिन्ही कुंड्या कोल्ड स्टोरेजच्या चार नंबरच्या चेंबरमध्ये गेल्या. तिथली माणसं काकांच्याच हाताखाली तयार झालेली. त्यांनी बोऱ्यांमागं जागा करून दिली.

एकदा मीही त्यांच्या स्कूटरवर मागं बसून गेलो. आत पिवळा दिवा, छतापर्यंत मिरची आणि हाडात शिरणारी थंडी. काका कुंड्यांजवळ उकिडवे बसले, एकेका कुंडीच्या मातीवर तळहात ठेवला. "पाच. पाच. साडेपाच." साडेपाचवाली त्यांनी उचलून पंख्याच्या बाजूला सरकवली. मी पाच मिनिटांत शिंकत बाहेर पळालो. काका वीस मिनिटांनी आले, डोळे लालबुंद. मिरची झोंबली म्हणाले. तेहतीस वर्षांत त्यांना मिरची झोंबल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

फेब्रुवारी संपता संपता कुंड्या बोळात आल्या. वर हिरवी जाळी, बाजूला वाळ्याचा पडदा. होळीच्या आसपास एका सकाळी काका माझ्या घरात शिरले आणि भिंतीला हात न लावताच म्हणाले, "आले गा." आम्ही धावलो. तिन्ही कुंड्यांत जांभळट कोंब, गच्च गुंडाळलेल्या पानांचे, बोटाच्या पेराएवढे. सुमनकाकू बोळातच खाली बसल्या. पुढं पानं उघडली, कडेची पांढरी किनार दिसू लागली, तेव्हा सगळी गल्ली पाहायला आली. कोपऱ्यावरच्या कमलाबाईंनी कमरेवर हात ठेवून निरखून पाहिलं आणि विचारलं, "चमकुरा हाय काय वं हा, सुमन? पातोड्या मस्त होतीन याच्या." आमच्याकडे अळूला चमकुरा म्हणतात आणि अळुवड्यांना पातोड्या. काकूंनी त्यांना जवळजवळ हाकलूनच दिलं. काका मात्र हसले, खदखदून हसले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

मग एप्रिल आला. नागपूरचा उन्हाळा ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगून कळत नाही, आणि पाहिलाय त्याला सांगायची गरज नाही. काकांनी प्रत्येक कुंडी एकेका मोठ्या कुंडीत ठेवून मधे ओली वाळू भरली. घरातला कूलर खिडकीतून काढून बोळाकडे तोंड करून बसवला. आत काकू ओला टॉवेल छातीवर घेऊन झोपायच्या आणि कूलर झाडांना वारा घालायचा. 

आता माझा भाग सांगतो. तो सांगायलाच मी हे लिहायला बसलो आहे, बाकीचं फिरवून फिरवून सांगितलं. आमच्याकडे नळ सकाळी तासभर येतो. एका दुपारी काका कुंड्यांसाठी घरातलं पिण्याचं पाणी बादलीनं आणताना दिसले. मी म्हटलं, "काका, कूलरच्या टाकीतलं घाला ना. दिवसभर फिरून गारेगार झालेलं असतं, उगाच वाया जातं." काकांनी टाकीत हात घातला. "चोवीस," ते खूश होऊन म्हणाले. त्या दिवसापासून तिन्ही कुंड्यांना कूलरचं पाणी सुरू झालं.

पंधरा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी पडल्या. पांढरी किनार आधी जळाली. काकांना वाटलं, ऊन लागतंय. त्यांनी दुसरी जाळी बांधली आणि पाणी वाढवलं. कडा आणखी जळत गेल्या. मातीवर पांढरा थर आला, तो त्यांनी बुरशी समजून खरवडला आणि वर पुन्हा पाणी घातलं. दुपारभर ते बोळात पाटावर बसून असायचे. तळहात कधी कुंडीवर, कधी पानावर, कधी भिंतीवर. "थंड तर हाय गा," म्हणायचे. "थंड हाय, तरी काहून जळून राहिलं?" मे अखेर 'मेन' गेली. जूनमध्ये 'स्टँडबाय'. तिसऱ्या कुंडीत अंगठ्याएवढं एक पान उरलं.

पाऊस लागल्यावर मी माझा कूलर धुवायला काढला. त्याच्या जाळ्यांवर पांढरा खरपुडा धरला होता, नखानं निघेना. मी तिथंच हात थांबवून बसलो. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात, टाकीत वरून नवं पाणी पडत राहतं आणि खारेपणा दिवसेंदिवस वाढत जातो. खाऱ्या पाण्याची सरोवरं कशी तयार होतात, हा धडा मी दरवर्षी आठवीला शिकवतो. फळ्यावर आकृती काढून शिकवतो. आणि मी शीलाच्या झाडाला तीच सरोवरं पाजायला सांगितली होती. काकांना हे सांगायचं मला धाडस झालं नाही. मी भित्रा माणूस आहे, त्याला दुसरा शब्द नाही.

सांगायची वेळ माझ्यावर आलीच नाही. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी बोळात बसलेलो असताना काका आपणहून बोलले. "मास्तर, कूलिंग टॉवरची टाकी मी रोज सकाळी अर्धी सोडून द्याचो. तेहतीस वर्षं. काहून? पानी उडते न् खार बसते. खार बसला का पाइप मेला. हे मी साऱ्या पोट्ट्याईले शिकवलं. चुकले तं शिव्या देल्ल्या. न् घरी?"

मी तोंड उघडलं. म्हणालो, "काका, ते मीच तुम्हाला..."

"मले याद हाय," ते म्हणाले. "तुमी सांगतलं होतं. पन मले माहीत होतं."

त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली असती तर मी त्या रात्री झोपलो तरी असतो.

उरलेल्या कुंडीसाठी त्यांनी माठात पावसाचं पाणी साठवलं. डिसेंबरात ती एकटी चार नंबरमध्ये गेली आणि फेब्रुवारीत परत आली. होळी आली नि गेली, कुंडीत काहीच हललं नाही. काका सकाळी उठून दात घासायच्या आधी बोळात जाऊन बसत. हात मातीवर. "अजून थंड हाय माती," मला सांगत. "गरमी शिरली का येईन." बाहेर अडतीस झाले होते. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं, शर्ट अंगात लोंबायला लागला होता. आणि मी हो म्हणायचो. त्या घरात तेव्हा सगळे हो म्हणत होते.

एका दुपारी काका वाळा आणायला गेले असताना काकू माझ्या दारात आल्या. हातात भाजी वाढायचा चमचा, त्यावर तपकिरी चिखल.

"मी उकरून पाह्यलं मास्तर," त्या म्हणाल्या. "सडलं हाय. बोट लावलं तं चिखल झाला. पोरगी गेली तवा ते रडले नाही, या कुंडीपाशी बसले. आता कुंडीबी गेली म्हनून सांगू कशी? काही तरी लावून द्या तिच्यात. काहीबी. कोंब आला पाह्यजे."

नाही म्हणायचा मला काय अधिकार होता? मी बुधवार बाजारात गेलो आणि चमकुऱ्याचा गड्डा घेऊन आलो. दुसरं काही सुचलंच नाही, कमलाबाई फसल्या होत्या तेवढाच आधार. आम्ही दोघांनी चोरासारखा तो कुंडीत दाबला आणि वरची माती होती तशी सारखी केली. काकूंनी त्या मातीवरून दोनदा हात फिरवला.

बारा दिवसांनी कोंब आला. काकांनी हाक मारली, आम्ही धावलो, काकूंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. मी काकांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तळहातानं अर्धी डिग्री ओळखणारा माणूस, याला पान ओळखता येऊ नये? पण ते साखर चघळत कुंडीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आला." मला वाटलं, माणसाला हवं ते दिसतं. बरंच झालं, असंही वाटलं.

चमकुऱ्यानं नागपूरचा उन्हाळा मजेत काढला. जाळीखाली, वाळ्याच्या गारव्यात, माठातलं पाणी पिऊन त्याची पानं ताटाएवढी झाली. पांढऱ्या किनारीचा पत्ता नव्हता. गल्लीतलं कोणी एक शब्द बोललं नाही. कमलाबाईसुद्धा येऊन पाहून गेल्या, "छान हाय हो," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून निघून गेल्या. कमलाबाईंना मी आयुष्यभर नावं ठेवली, त्या दिवसापासून ठेवत नाही.

डिसेंबर लागला. एका सकाळी काका कुंडी उचलून बाहेर आले, स्कूटरच्या पायठेवणीवर ठेवली, सुतळीनं बांधू लागले. स्वेटर घातलेला. काकू फाटकापर्यंत आल्या, पानांवरून हात फिरवला आणि आत गेल्या. मला राहवलं नाही. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "काका, यंदा राहू द्या ना. झाड चांगलं ठणठणीत आहे. उगाच थंडीत कशाला..."

काकांनी आधी घराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. मग सुतळीची गाठ मारता मारता म्हणाले, "चमकुरा हाय हा. तिथं सडन. मले का समजत नाही? पह्यलं पान उघडलं तवाच समजलं."

मी विचारलं, "मग?"

"नेला नाही तं तिले समजन, का मले समजलं." त्यांनी गाठ ओढून पाहिली. "ती रोज सकाळी याले पानी घालताना शीलाशी बोलते मास्तर. माह्या कानानं ऐकलं. सोताच लावला, तरी बोलते. आता मी तिले काय सांगू?"

काका जानेवारीत गेले. झोपेतच. मी सकाळी त्यांच्या कपाळाला हात लावला, मला आकडा सांगता येत नाही, पण थंडी कशाला म्हणतात ते तेव्हा समजलं. कुंडी चेंबरमध्येच राहिली. तिथल्या माणसाचा फोन आला होता, सर, कुंडीत सारं सडलं आहे, वास येतो, फेकू का? मी म्हटलं, राहू दे. फेब्रुवारी सरल्यापासून काकू रोज बोळाच्या तोंडाशी उभ्या राहून विचारतात, "थंडी पुरी झाली असन ना मास्तर? आनता काय कुंडी?" मी म्हणतो, अजून पंधरा दिवस काकू. आज बेचाळीस आहे. उद्या पुन्हा विचारतील. बाजारातून दुसरा गड्डा आणून कुंडीत दाबावा, असं रोज मनात येतं. पण दाबताना समोर कोण असेल आणि कोण कोणाला फसवत असेल, ते मला कळत नाही.

मला दिसते ती डिसेंबरातली सकाळच. काकांनी कानटोपी घातली, स्कूटरला किक मारली. कुंडी दोन्ही पायांच्या मधे, पानं गुडघ्यांवर येऊन हलत होती. गल्लीच्या वळणावर त्यांनी वेग कमी केला, पाय टेकवून थांबले. मागं वळून पाहिलं नाही. डावा हात हँडलवरून काढला आणि तळहात सपाट मातीवर ठेवला. दोन श्वास तसेच थांबले. बाजूनं दिसणारे त्यांचे ओठ हलले, पण आकडा मला ऐकू आला नाही.